गोव्यात अर्ध्या किलोचा बीफस्टेक टोमॅटो: बी कधी टाकायचं, आणि मर कशी टाळायची?

परसू_डिचोली

नमस्कार मंडळी. डिचोलीजवळ घरामागे परसात ६ मीटर बाय ४ मीटर मोकळी जागा आहे. जमीन तांबडी, चिऱ्याची (जांभ्या दगडाची). हातभर खणलं की खडक लागतो. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत थेट ऊन, मग माडांची सावली. विहिरीला मेपर्यंत गोडं पाणी असतं. यंदा बीफस्टेक टोमॅटो करायचे आहेत, म्हणजे ते चपटे, वळ्या पडलेले, आत बियांपेक्षा गर जास्त असलेले, एकेक फळ ४००-५०० ग्रॅमचं. बेळगावहून बाजारात येतो तसला ८०-१०० ग्रॅमचा टोमॅटो नको.

अडचण अशी की गेल्या हंगामात याच जागेत साधे टोमॅटो आणि वांगी होती. टोमॅटो फुलावर आले आणि झाडं हिरवीच्या हिरवी मान टाकून तीन-चार दिवसांत गेली. पानं पिवळी पडली नाहीत, कीड दिसली नाही, पाणी कमी नव्हतं.

तर, बी कधी टाकायचं? जात कोणती घ्यायची? जमिनीत लावू की पिशवीत? आणि ती मर पुन्हा येणार का? ‘शेणखत भरपूर घाला’ याच्या पुढचं सांगा, आकड्यांसकट सांगितलंत तर उत्तमच.

कुळागरी

खताचं शेवटी बघू. आपल्याकडे मोठा टोमॅटो अडतो तो दोन ठिकाणी, रात्रीचं तापमान आणि मुळांची मर. मरीबद्दल चिरेबंदी लिहितीलच, मी तारखांचं सांगतो.

टोमॅटोचं फूल रात्री १५ ते २० अंशांत चांगलं धरतं. रात्र २३-२४ च्या खाली उतरेना, किंवा दुपार ३३-३४ च्या वर जायला लागली, की पराग निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीशी पिवळं होऊन गळतं. चेरी टोमॅटो हे बऱ्यापैकी सोसतो, बीफस्टेक अजिबात नाही. पणजी-म्हापशाकडे ऐन जानेवारीतही रात्रीचा पारा २० च्या आसपासच घुटमळतो. म्हणजे आपला सगळ्यात थंड महिना हा या झाडाला जेमतेम चालणारा महिना. डिचोली-सत्तरीच्या आतल्या भागात रात्री जरा जास्त उतरतात, तेवढा तुमचा फायदा.

म्हणून हिशोब उलटा करायचा. फुलं १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात यायला हवीत. लागणीपासून पहिला घोस फुलायला ३५ ते ४० दिवस, म्हणजे लागण २५ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर. रोप तयार व्हायला २८-३० दिवस, म्हणजे बी २५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. चवथ आणि दिवाळी दरवर्षी मागेपुढे होतात, तेव्हा ‘चवथ झाली की बी टाकायचं’ हा नेम या पिकाला लावू नका, तारखाच धरा. ऑगस्टमध्ये बी टाकलं तर पहिली फुलं ऑक्टोबरच्या उकाड्यात सापडतात आणि झडतात, शिवाय रोपं पावसात भिजतात. डिसेंबरमध्ये टाकलं तर मार्चमध्ये पुरुषभर उंच, काळंशार झाड मिळतं, फळ एकही नाही. मग लोक खताच्या नावाने खडे फोडतात.

रोपं ट्रेमध्ये, छपराखाली करा. परतीच्या पावसाच्या संध्याकाळच्या सरी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येतात आणि एका रात्रीत रोपं बुंध्याशी कुजवतात. बी अर्धा सेंटीमीटर खोल, उगवायला ५ ते ७ दिवस. उगवल्या दिवसापासून पूर्ण उजेड द्या, नाहीतर रोप लांबुडकं होतं.

जात. ‘ब्रँडीवाइन’ची फार कीर्ती आहे, चव आहेही तशी, पण लागणीपासून ८० ते ९० दिवस घेते आणि उबदार रात्री फळ धरायला फार नखरे करते. पहिल्या वर्षी एकच झाड लावा, हौस म्हणून. मुख्य भिस्त ‘बिग बीफ’ या संकरितावर ठेवा. १९९४ मध्ये ऑल अमेरिका सिलेक्शन्सचा मान मिळालेली जात, फळ ३०० ग्रॅमच्या आसपास, लागणीपासून ७३-७५ दिवस. घोसातली फळं विरळली की फळ आणखी भरतं. ‘चेरोकी पर्पल’ मधली, २५०-३५० ग्रॅमची. ‘मार्मांद’ फ्रान्सची जुनी जात, फळ १५०-२५० ग्रॅमच, पण लवकर येते आणि झाड आटोपशीर. अर्धा किलो मनात धरलाच असेल तर एवढं लक्षात घ्या की उष्ण हवेत फळ लवकर पिकतं, भरायला दिवस कमी मिळतात. थंड मुलखात ज्या जातीचं फळ ६०० ग्रॅम होतं ते इथे ३५०-४०० ला थांबलं तर तुमचं काही चुकलेलं नाही.

पाकिटावर ‘व्ही, एफ, एन’ अशी अक्षरं असतात. व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या मर आणणाऱ्या बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, यांना ती जात दाद देत नाही असा त्याचा अर्थ. तुमच्या परसातली मर यातली नसावी, त्यामुळे ती अक्षरं बघून निर्धास्त होऊ नका.

चिरेबंदी

परसूबाब, तुम्ही लिहिलंय ते लक्षण जिवाणूजन्य मरीचं आहे. राल्स्टोनिया सोलॅनासिअरम. आम्लधर्मी जमीन, दमट हवा, मातीचं तापमान २५ ते ३५, आधीचं पीक वांगं. तिला याहून चांगलं घर मिळणार नाही. पण अंदाजावर जाऊ नका, खात्री करायला पाच मिनिटं लागतात.

नुकतंच मान टाकलेलं झाड घ्या. बुंध्याचा जमिनीलगतचा १०-१२ सेंटीमीटर तुकडा धारदार सुरीने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन खालचं टोक पाण्यात दोन सेंटीमीटर बुडेल असा तुकडा दोऱ्याने लटकवा. ग्लास हलवायचा नाही. मागे काळं कापड धरा. दोन ते पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसले, तर तीच मर. धागे नाहीत पण बुंध्याच्या आत उभ्या तपकिरी रेषा आहेत, आणि खालची पानं एका बाजूने पिवळी होत गेली, तर फ्युजेरियम. बुंध्याला जमिनीलगत पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. ही तिसरीही आपल्याकडे खूप आहे, अर्धवट कुजलेला पालापाचोळा बुंध्याला टेकवून ठेवला की हमखास येते.

जिवाणूजन्य मर असेल तर वाईट बातमी आधी घ्या. हे जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि लागलेलं झाड वाचवणारं औषध नाही. प्रतिजैविकाची पावडर दुकानात कोणी पुढे केली तर पैसे घालवू नका. शिंपून किंवा आळ्यात ओतून ती खोडाच्या आतल्या जिवाणूपर्यंत पोहोचत नाही. जिवाणू मुळांच्या जखमांतून शिरतात, म्हणून उभ्या पिकात खुरपणी नको, तण हाताने उपटण्यापेक्षा जमिनीलगत कापा. पाण्याच्या ओघळाबरोबर, खुरप्याबरोबर, चपलांच्या मातीबरोबर ते वाफ्यावाफ्यात फिरतात. वांगी, मिरची, बटाटा, टोमॅटो यांतलं काहीही कलमाशिवाय त्या तुकड्यात तीन वर्षं नको. मका, अळसांदे (चवळी), झेंडू, तांबडी भाजी चालेल. भाताच्या वाफ्यात पावसाळाभर पाणी साठत असल्याने तिथे ही मर कमी असते, पण तुमच्या परसात तो मार्ग नाही.

चुन्याने मर बरी होत नाही, पण चुना लागतोच. चिऱ्याच्या जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक वेळा ५ ते ५.५ असतो, टोमॅटोला ६.२ ते ६.८ हवा. शेतीचा चुना किंवा डोलोमाइट दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम, वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये मिसळून, लागणीच्या तीन-चार आठवडे आधी. शिंपल्यांचा भाजून विरवलेला चुना वापरणार असाल तर तीन चतुर्थांशच घ्या, तो जास्त तीव्र असतो. असा विरवलेला चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मध्ये पंधरा दिवस तरी जाऊ द्या. त्याआधी झेडएओत (विभागीय कृषी कार्यालयात) मातीचा नमुना दिलात तर अंदाजपंचे काम राहणार नाही.

आता मार्ग दोन. एक, पिशवी, आणि तीही तुमच्या मातीचा स्पर्श न होणारी. पिशवी थेट जमिनीवर ठेवली तर मुळं तळाच्या भोकांतून खाली उतरतात आणि महिन्याभराने झाड तसंच मान टाकतं. दोन चिरे आडवे ठेवून वर पिशवी ठेवा, खाली चार बोटं हवा राहू दे. दुसरा मार्ग कलमाचा, आणि जमिनीतच लावायचं असेल तर तोच खरा.

बीफस्टेकच्या कुठल्याही प्रसिद्ध जातीत या मरीला तोंड द्यायची ताकद नाही. ती खुंटाकडून, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधायचं त्या खालच्या मुळासकटच्या रोपाकडून घ्यायची. खुंट म्हणून मरीला दाद न देणारं वांगं चालतं. जुने गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अशा वांग्यांवर काम केलेलं आहे, तिथे चौकशी करा. आगशीचं किंवा कोणतंही घरचं वांगं मात्र खुंट म्हणून धरू नका, चवीचा आणि मरीचा संबंध नाही. टोमॅटोचाच खुंट हवा तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ किंवा केरळ कृषी विद्यापीठाची ‘अनघा’. दोन्हींत या मरीविरुद्ध ताकद आहे.

काजूचं मृदुकाष्ठ कलम पाहिलं असेल तर रीत तीच, फक्त सगळं काडीपेटीच्या काडीएवढ्या जाडीचं. वांग्याचा खुंट असेल तर त्याचं बी बीफस्टेकच्या आधी आठेक दिवस टाका, ते सावकाश वाढतं. टोमॅटोचा खुंट असेल तर एकाच दिवशी. दोन्हींचे बुंधे २ मिलिमीटरच्या आसपास, तीन-चार खरी पानं झाली की कलम करायचं, संध्याकाळी, सावलीत. नवं ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि दर पाच-सहा रोपांनंतर बदला. टोमॅटोचा खुंट बीजपत्रांच्या (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) खाली आडवा कापा, म्हणजे नंतर खुंटाला स्वतःचे फुटवे येणार नाहीत. वांग्याचा खुंट बीजपत्रांच्या वर कापला तरी चालतो, फुटवे दिसतील तसे खुडा. कापलेल्या टोकाच्या मधोमध १ सेंटीमीटर उभी चीर. बीफस्टेकच्या शेंड्याला दोन पानं ठेवून खाली तेवढ्याच लांबीची पाचर, दोन्ही बाजूंनी एकेका सरळ कापात. खरवडून नाही. पाचर चिरेत बसवा, निदान एका बाजूची साल सालीला लागली पाहिजे, आणि सिलिकॉनची क्लिप लावा.

मग रोपं झाकणाच्या पारदर्शक डब्यात. आतल्या बाजूंवर पाणी फवारा, रोपांवर नको, कलमाच्या सांध्यात पाणी गेलं की सडतं. पहिले दोन दिवस अंधार, तिसऱ्या दिवसापासून मंद उजेड, पाचव्यापासून झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडायचं, आठव्या-नवव्या दिवशी डब्याबाहेर. डबा उन्हात ठेवलात तर तासाभरात आतली रोपं उकडतील. पहिल्या खेपेला दहातली पाच-सहा जगली तरी पुरे समजा आणि त्या हिशोबाने बी टाका. कलमाचे हे दहा-बारा दिवस कुळागरींच्या तारखेत वाढवा, म्हणजे बी २० सप्टेंबरलाच.

आणि लावताना सांधा जमिनीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. टोमॅटो खोल लावावा, बुंध्याला मुळं फुटतात, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो आणि साध्या रोपाला तो योग्यही आहे. कलमाला तो मारक. सांध्याच्या वरच्या भागाला मुळं फुटून मातीत गेली की खुंट असून नसल्यासारखा. मातीची भर देतानाही हे विसरू नका.

परसू_डिचोली

चिरेबंदीबाब, कुळागरीबाब, फार आभार. एक वांगं अजून उभं होतं, मलूल. त्याच्या बुंध्यावर ग्लासाची चाचणी आत्ताच केली. धागे आले, अगदी स्पष्ट. तेव्हा यंदा चार कलमं जमिनीत आणि सहा झाडं पिशवीत असा बेत करतो. पिशवी केवढी? आत काय भरायचं? आणि पाण्याचा हिशोब?

गच्चीवाली_पर्वरी

पिशवीचं मी सांगते. १८ इंच बाय १८ इंचाची जाड एचडीपीई प्लास्टिकची. वरची चार बोटं सोडून भरली की ६० लिटरच्या आसपास मिश्रण मावतं. रंगाची २० लिटरची बादली बीफस्टेकला पुरत नाही. झाड जगतं, पण फेब्रुवारीच्या दुपारी दोन वेळा पाणी देऊनही मान टाकतं आणि प्रत्येक फळाचं बूड काळं होतं. १५ इंची पिशवी ही खालची मर्यादा समजा.

एका पिशवीला २५ लिटर धुतलेलं कोकोपीट, २० लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १५ लिटर करपवलेलं भाताचं तूस, निंबोळी पेंड २५० ग्रॅम, हाडांचं खत १५० ग्रॅम, डोलोमाइट ७० ग्रॅम, ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) २० ग्रॅम. परसातली माती मुठभरही नको. मिश्रण ओलसर करून पंधरा दिवस झाकून ठेवा, मग लावा.

कोकोपीट धुणं हा कंटाळ्याचा भाग आणि नेमका तोच लोक गाळतात. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर त्यात मीठ असतं, आणि नसली तरी पोटॅश-सोडियम मोकळं असतं आणि कॅल्शियम अडकून पडतं. ५ किलोची वीट भिजवताना पाण्यात ५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, रात्रभर ठेवा, पिळून काढा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा.

पाणी: लागणीनंतर पहिले तीन आठवडे दिवसाला १ लिटर. फुलावर दोन लिटर. फळं भरताना, जानेवारी-फेब्रुवारीत, तीन ते चार लिटर, सकाळी सातच्या आत निम्मं आणि दुपारी तीन-साडेतीनला निम्मं. तळातून थोडं पाणी निथळलं पाहिजे, म्हणजे खतांचे क्षार साठत नाहीत. वर सुक्या गवताचं आच्छादन सात-आठ सेंटीमीटर, बुंध्यापासून चार बोटं लांब. जमिनीतल्या कलमांना दिवसाआड ५ लिटर, पण तुमचा खडक उथळ आहे, तेव्हा वाफा एका चिऱ्याच्या उंचीने उचलून घ्या. किनाऱ्याजवळचे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी: मार्चनंतर विहिरीचं पाणी जिभेला मचूळ लागलं की ते टोमॅटोला देऊ नका.

खत: लागणीनंतर दहा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला २ ग्रॅम, झाडाला एक लिटर, आठवड्यातून एकदा. पहिलं फळ लिंबाएवढं झालं की १९:१९:१९ बंद आणि १३:०:४५ सुरू, तेवढंच. मधल्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, वेगळ्या बादलीत. सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या कोणत्याही खताबरोबर ते मिसळलंत तर तळाला पांढरा साका बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. चिऱ्याच्या जमिनीत बोरॉन बहुधा कमी असतं, म्हणून जमिनीतल्या झाडांवर कळ्या दिसताच २० टक्के बोरॉनवालं खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, बस. तिसऱ्यांदा नको, पानांच्या कडा जळतात.

मासळीचं धुवण घालायची आपल्याकडे पद्धत आहे. मीठ न लावलेल्या मासळीचं असेल तर महिन्यातून एक-दोनदा चारपट पाण्यात मिसळून घाला, नुकसान नाही. पण रात्री मांजरं पिशवी उकरतात, आणि उकरलं की मुळं तुटतात.

कुळागरी

फळ मोठं करायची खरी कामं आता. बीफस्टेकच्या पहिल्या घोसात बऱ्याचदा एक जाडजूड, दोन-तीन फुलं एकात एक चिकटल्यासारखं फूल येतं. ते मोहात पाडतं, वाटतं हेच सगळ्यात मोठं होणार. होतंही, पण वेडंवाकडं, खाली टाक्यांसारखे व्रण आणि भोकं पडलेलं, निम्मं फेकायचं. कळीतच खुडा.

घोसात पाच-सहा फळं धरली तर तुरीएवढी असतानाच दोन ठेवून बाकी काढा. अर्ध्या किलोचा हट्ट असेल तर एकच ठेवा. झाडाला एकूण चार-पाच घोस पुरे. फळातल्या पेशींची संख्या धरल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच ठरते, पुढे त्या फक्त फुगतात. उशिरा विरळणी केली तर उपयोग अर्धाही नाही. १५ फेब्रुवारीच्या सुमाराला शेवटच्या घोसावर दोन पानं ठेवून शेंडा खुडा, त्यापुढची फुलं तशीही धरणार नाहीत.

परागीभवनाचं: टोमॅटोचं फूल स्वतःचंच स्वतःला पुरतं, फक्त त्याला थरथर लागते. मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला जमतं. भुंगे दिसत नसतील तर विजेवरचा दात घासायचा ब्रश घोसाच्या देठाला, फुलांच्या मागे, दोन-तीन सेकंद टेकवा. वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा. त्याआधी दंव असतं, पराग ओला होऊन चिकटून बसतो. दिवसाआड करा. पाकळ्या मागे वळलेल्या असतील ते फूल तयार, मिटलेलं असेल ते सोडून द्या.

आधाराला दुकानातले तारेचे पिंजरे कुचकामी, हे झाड दोन मीटरच्या वर जातं आणि एकेका घोसाला किलोभर वजन येतं. माणग्याच्या (बांबूच्या) अडीच मीटरच्या काठ्या, वरती पोफळीचा आडवा फाळका, त्यावरून काथ्याची दोरी. दोरी बुंध्याला सैल गुंडाळत न्यायची. घोसाचा देठ मुडपतो तिथे कापडाच्या पट्टीने आधार द्या, देठ मुडपला की फळ वाढायचं थांबतं. आणि एकच खोड ठेवा, बगलेतले सगळे फुटवे बोटभर असतानाच खुडा.

चिरेबंदी

एक खोड याला माझी हरकत आहे. ते हरितगृहात आणि थंड हवेत ठीक. आपल्याकडे फेब्रुवारीत एका खोडाच्या विरळ झाडावर फळं उघडी पडतात आणि नैर्ऋत्येकडची बाजू पांढरी, कागदासारखी भाजून निघते. दोन खोडं ठेवा, मुख्य आणि पहिल्या घोसाच्या लगेच खालचा फुटवा. बाकीचे फुटवे एक पान ठेवून खुडा, म्हणजे सावलीही राहते. फक्त जमिनीपासून ३० सेंटीमीटरपर्यंतची पानं पूर्ण काढा. वर्तुळं-वर्तुळं असलेला करपा मातीच्या शिंतोड्यांतून तिथूनच चढतो. तो चढायला लागला तर मँकोझेब लिटरला २.५ ग्रॅम, फळं तोडायच्या आधी पाकिटावर दिलेले दिवस सोडून. खुडायचं काम सकाळी दंव गेल्यावर करा, ओल्या झाडाला हात लावू नका.

कुळागरी

परसूबाबांचं ऊन तीनला संपतं, त्यांना भाजण्याची भीती कमी. पण दिवसभर ऊन असणाऱ्याने तुमचं ऐकावं, मान्य. नाहीतर १५ फेब्रुवारीपासून पश्चिमेकडून ३५ टक्क्यांची हिरवी जाळी. ५० टक्क्यांची नको, फळ लहान राहतं.

मये_काठ

कोणी माकडांचं बोललंच नाही. वरचे सगळे हिशोब पाळलेत आणि फळ लाल होईपर्यंत झाडावर ठेवलंत, तर ते तुमच्या ताटात येणार नाही. डिचोलीत तर नाहीच. घोसाला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. त्याने बुलबुल, खारी आणि फळ पोखरणारी अळी थांबते. माकड थांबत नाही, त्याला फळ रंगायच्या आत उतरवणं हाच उपाय. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लागणीच्या दिवसापासूनच, दर दोन झाडांमागे एक. पानं आकसून वाटीसारखी झालेलं झाड उपटून टाका, ते सुधारत नाही आणि शेजाऱ्यांना लावतं. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. त्यांच्यासाठी मीठ टाकू नका, मुळांशी जातं.

परसू_डिचोली

रंगायच्या आत म्हणजे नेमकं केव्हा? कच्चं काढलं तर चव जाईल ना? आणि बूड काळं होतं त्यावर अंड्याच्या टरफलाची पूड घालतात, ती चालेल का?

गच्चीवाली_पर्वरी

टरफलं विरघळायला महिने लागतात, या हंगामात त्यांचा काही उपयोग नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर फळाच्या टोकापर्यंत जातं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी डबडब, असं झालं की टोकाला ते पोहोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. काळं झालेलं फळ सुधारणार नाही, काढून टाका. पाणी रोज ठरल्या वेळी द्या, युरिया घालत असाल तर बंद करा. वर लिहिलेला चुना आणि कॅल्शियम नायट्रेट एवढ्यावर पुढचे घोस नीट येतात. फळाला देठाभोवती चिरा पडणं हे त्याच दुखण्याचं दुसरं टोक, कोरड्यावर एकदम भरपूर पाणी.

फळ केव्हा काढायचं? बुडाला रुपयाएवढी गुलाबी-पिवळी छटा आली की. तोवर झाडाकडून जे यायचं ते फळात आलेलं असतं. देठाच्या गाठीवर मोडून घरात सावलीत, देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न लागता ठेवा. पाच-सहा दिवसांत पिकतं. फ्रिजमध्ये नाही, १० अंशांच्या खाली चव मरते. मार्चमध्ये तर झाडावर ठेवण्यात चवीचा फायदाही नाही. तापमान ३०-३२ च्या वर गेलं की लाल रंगद्रव्य तयार होत नाही, फळ नारिंगी-पिवळट राहतं आणि वरचे खांदे कडक, हिरवे. ब्रँडीवाइन, चेरोकी यांचे खांदे मुळातच थोडे हिरवे असतात, ते दिसले म्हणून घाबरू नका.

चिरेबंदी

हंगाम संपल्यावरचं एक. पिशवीतल्या झाडांना मर आली नसेल तर मिश्रण फेकू नका. मुळं काढून, पाच लिटर गांडूळखत मिसळून, त्यात पावसाळ्यात तांबडी भाजी किंवा वाल घ्या, पुढच्या वर्षी मग टोमॅटोसाठी नवं मिश्रण. एखाद्या पिशवीत मर आलीच तर ग्लासाची चाचणी करा. धागे आले तर ते झाड मुळासकट जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. मिश्रण माडाच्या आळ्यात घाला, माडाला त्याची बाधा नाही, मात्र आळं वाफ्यापेक्षा खालच्या बाजूला असलं पाहिजे. रिकामी पिशवी आणि खालचे दोन चिरे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, आठवडाभर कडक उन्हात वाळवूनच पुन्हा वापरा.